‘व इतर’मधला माणूस

(रंगभूमीदिनाच्या निमित्ताने सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

येताना मी एक कागद बरोबर आणलाय. मागच्या रांगेतून दिसायचा नाही, म्हणून वाचूनच दाखवतो. आमच्या हौशी मंडळाने पूर्वी इथे सांगलीत ‘संशयकल्लोळ’चा प्रयोग केला होता, त्याचं हे हँडबिल. गुलाबी पातळ कागद आहे, घडीवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावून मी तो सांभाळलाय. वर नाटकाचं नाव, त्याखाली गोविंद बल्लाळ देवलांचं. मग फाल्गुनराव, आश्विनशेठ, रेवती, कृत्तिका यांची कामं करणारे. ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, पडदे कुणाचे, लाउडस्पीकर कुणाचा, सगळं आहे. आणि सगळ्यात खाली दोन शब्द आहेत, ‘व इतर’.

त्या प्रयोगाला मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत पाटावर बसून, मांडीवर वही घेऊन आख्खं नाटक ऐकलं. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा भादव्याने घेतला, हे मी छातीठोक सांगतो. भादव्या म्हणजे फाल्गुनरावाचा गडी. देवलांनी या नाटकातल्या माणसांना महिन्यांवरून, नक्षत्रांवरून नावं दिली, तेव्हा गड्यालाही भाद्रपद महिना दिला. त्याला वगळलं नाही. आमच्या हँडबिलाने मात्र त्याला वगळलं.

आज मला या ‘व इतर’मधल्या माणसाबद्दल बोलायचंय. नायकाचा मित्र, घरमालक, हवालदार, गडी, सरपंच, पंचायतीचा शिपाई अशी कामं जन्मभर करून लोकांना हसवणारा नट. बाजारात भेटला की लोक म्हणतात, ‘अहो, तुम्ही ते हे ना?’ आणि पुढे नाव आठवत नाही. मी साखर कारखान्यात स्लिपबॉय म्हणून लागलो आणि शेती खात्यातून निवृत्त झालो. नोकरीभर संध्याकाळच्या तालमी केल्या, राज्य नाट्य स्पर्धेत इथल्या केंद्रावर उभा राहिलो, आणि निवृत्तीनंतर मालिकांमध्ये छोटी छोटी कामं केली. एवढं सगळं करूनही हा माणूस नेमकं काय काम करतो, हे कळायला मला फार उशीर लागला. ते जे कळलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या गावापासूनच करायला हवी. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजेसाहेबांपुढे, चिंतामणराव पटवर्धनांपुढे, ‘सीतास्वयंवर’ केलं. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्या खेळांमध्ये रामाच्या आणि सीतेच्या आधी रंगमंचावर कोण यायचं, हे विचारलं तर मोठी माणसंही जरा थांबतात. सूत्रधार मंगलाचरण म्हणायचा, आणि मग अंगाला झाडपाला गुंडाळलेला वनचर नाचत यायचा. तोच विदूषक. त्याची आणि सूत्रधाराची जुंपायची, लोक हसून मोकळे व्हायचे, आणि मग गणपती, मग सरस्वती. म्हणजे मराठी प्रेक्षकाला नाटकात आत घेणारा पहिला माणूस हा हसवणारा होता.

त्या नाटकांची रीत अशी, की पद्यं सूत्रधार गायचा आणि पात्रं त्या प्रसंगाला धरून आपल्या मनाने बोलायची. भाषणं लिहिलेली नसायची. भाव्यांची पद्यं पुढे १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून छापली गेली, म्हणून ती आज आपल्या हातात आहेत. विदूषक काय बोलला, कुठे थांबला, सूत्रधाराकडे बघून त्याने मान कशी हलवली, यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्याबरोबर ते गेलं. मला वाटतं, या माणसाची सगळी हकीकत यातच आली. गाणाऱ्याचं गाणं वहीत उतरतं, नायकाची स्वगतं पुस्तकात उतरतात. हसवणाऱ्याचं निम्म्याहून जास्त काम वाक्याच्या बाहेर असतं, आणि ते कागदावर येत नाही.

आता भादव्याकडे येतो. आमच्या मंडळात भादव्या करायचे त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. इथे बसलेल्या जुन्या मंडळींना अण्णा म्हटल्यावर कळलंच असेल. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली खोल, त्यांत हळद साठवायची. अण्णा त्या पेवांवर काम करायचे. देवलही हरिपूरचेच, त्यामुळे ‘आमच्या गावच्या माणसाचं नाटक आहे, चुकून चालायचं नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नखांच्या कडेला कायम हळद. तोंडाला रंग लावला, धोतर बदललं, तरी हातांवरून ओळखू यायचे.

त्या प्रयोगात फाल्गुनराव संशयाने पेटलेला आहे, गड्यावर डाफरतोय, आणि गडी ऐकतोय. अण्णांच्या डाव्या खांद्यावर एक फडकं होतं. मालकाचं बोलणं संपलं. आता अण्णांचं वाक्य. ते बोलेनात. त्यांनी खांद्यावरचं फडकं उचललं, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि सावकाश उजव्या खांद्यावर टाकलं. खालून हशा आला. मग बाल्कनीतून आला. तरी अण्णा गप्पच. मी वीस-बावीस वर्षांचा होतो, माझ्या पोटात गोळा आला, वाटलं वाक्य विसरले. मी विंगेतून वाक्य दिलं, तेही मोठ्याने. पहिल्या दोन-तीन रांगांना ते ऐकू गेलं असणार.

प्रयोग संपल्यावर अण्णांनी मला रंगपटात बोलावलं. मला वाटलं, आता खैर नाही. ते खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग काढत होते. शांतपणे म्हणाले, ‘बाळा, मी विसरलो नव्हतो. ऐकत होतो. विहिरीत बादली सोडल्यावर ती पाण्याला लागल्याचा आवाज येईस्तोवर दोर ओढतो का कुणी?’ बस्स, एवढंच बोलले. पुढे कधी तो विषयही काढला नाही.

त्या एका वाक्यात काय काय आहे ते थोडं उलगडून सांगतो, कारण आपल्यापैकी अनेक जण एकांकिका बसवतात. हशा एका जागी उभा राहत नाही. तो चढतो आणि उतरतो. चढत असताना तुम्ही बोललात तर तुमचं वाक्य त्यात बुडतं, आणि लोकही पुढचं ऐकू यावं म्हणून हसणं आवरतं घेतात. म्हणजे तुम्ही वाक्यही घालवलं आणि हशाही. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात, तर प्रयोग खाली बसतो, समोरच्या नटाला तो पुन्हा उचलून घ्यावा लागतो. हशा उतरायला लागल्यावर, अजून थोडा शिल्लक असताना, पुढचं वाक्य यायला हवं. ही जागा रोज वेगळी असते. शनिवारी रात्री वेगळी, रविवारी दुपारी जेवून आलेल्या प्रेक्षकाला वेगळी, यात्रेतल्या तंबूत आणखी वेगळी. तालमीत ती सापडत नाही, कारण तालमीत प्रेक्षक नसतो. ती कानानेच धरावी लागते. आणि त्याहून अवघड भाग असा, की हशा तुमचा असला तरी पुढचं वाक्य बहुतेक वेळा समोरच्याचं असतं. तो घाईने बोलला की तुमची मेहनत गेली. म्हणजे चांगला फाल्गुनराव असल्याशिवाय चांगला भादव्या उभा राहत नाही, आणि उलटही तेच.

हे सगळं समजून घेतलं, की विनोदी नट राजा गोसाव्यांकडे बघण्याची नजर बदलते. आपल्या शेजारचा माणूस. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातलं सिद्धेश्वर कुरोली, तिथे २८ मार्च १९२५ चा जन्म. लोकांना त्यांची भानुविलासची गोष्ट माहीत असते. पुण्याच्या भानुविलास थिएटरात ते तिकीटविक्रीला बसायचे, आणि १९५२ मध्ये ‘लाखाची गोष्ट’ तिथे लागला तेव्हा ज्याचं चित्र बाहेर लावलेलं, तोच खिडकीतून तिकिटं देत होता. गोष्ट गोड आहे, सांगायला सोपी आहे. माझं लक्ष मात्र त्याच्या आधीच्या वर्षांकडे जातं. राजा गोसावी सिनेमा दिग्दर्शक मास्टर विनायकांच्या घरी घरगडी म्हणून राहिले होते. पुढे विनायकांच्या कंपनीत ऑफिसबॉय झाले, सुतारकामाला हात लावला, रंगभूषा शिकले, गर्दीत उभे राहिले, मग दामूअण्णा मालवणकरांच्या नाटक कंपनीत गेले. जो माणूस खरोखर कुणाच्या घरी गडी म्हणून राबलाय, त्याला दारातून आत येताना पायताण कुठे काढायचं, मालक चिडलेला असताना नजर कुठे ठेवायची, हे शिकवावं लागत नाही. त्यांचा भोळा, गडबडलेला तरुण पडद्यावर इतका खरा वाटायचा, तो उगाच नव्हे.

आणि दामूअण्णांकडे जाणं म्हणजे पाठशाळेत जाणं होतं. दामूअण्णांचा डोळा तिरळा होता. सिनेमात नट व्हायचं म्हटल्यावर कुणीही हे व्यंग लपवलं असतं. दामूअण्णांनी ते कामाला लावलं. ते कुणाशी बोलतायत आणि कुणाकडे बघतायत यात जो गोंधळ व्हायचा, त्यावर लोक हसायचे, आणि तरी त्यांच्याविषयी माया वाटायची. विनायकांच्या १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त ते होते, १९४० च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये चिं. वि. जोशींचा चिमणराव त्यांनी केला, आणि विष्णुपंत जोगांनी गुंड्याभाऊ.

‘लाखाची गोष्ट’बद्दल आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगलीत नाही सांगायचं तर कुठे सांगायचं? दिग्दर्शक राजा परांजपे, जन्म १९१० चा, मिरजेचा. लेखक ग. दि. माडगूळकर, आटपाडीकडचे, माडगूळचे. आणि राजा गोसावी कुरोलीचे. महिनाभरात एक लाख रुपये खर्च करून दाखवायची अट, आणि दोन कफल्लक मित्र. परांजपे स्वतः त्यातला एक मित्र झाले होते. दिग्दर्शक स्वतः समोर उभा राहून गोसाव्यांना वाक्यं देतोय, आणि त्याला थांबण्याची किंमत कळतेय, हे त्या सिनेमात दिसतं. जमलं तर पुन्हा बघा, आणि बघताना ज्याचं वाक्य चालू आहे त्याच्याकडे न बघता, ऐकणाऱ्याकडे बघा. मी गेली काही वर्षं सगळे जुने सिनेमे असेच बघतो.

गोसावी पुढे नायक झाले, नाटकात ‘सौजन्याची ऐशी तैशी’मधला नाना बेरके त्यांनी गाजवला. २८ फेब्रुवारी १९९८ ला ते गेले, तेही रंगपटात, प्रयोगाची तयारी चालू असताना.

ऐकणाऱ्याकडे बघा म्हटलं, त्यावरून शरद तळवलकर. जन्म १९१८ चा. १९८५ मध्ये ‘धुमधडाका’ आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. बाकीची मंडळी तरुण, उसळती. महेश कोठारे, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे. अशा ठिकाणी वयस्कर नट दोन चुका करतो. एकतर तरुणांच्या वेगाशी स्पर्धा करतो, नाहीतर आदराने बाजूला उभा राहतो. तळवलकरांनी दोन्ही केलं नाही. लक्ष्मीकांतचा लक्ष्या बापाला, म्हणजे तळवलकरांना, आपल्या सिनेमाची गोष्ट ऐकवतो तो प्रसंग आठवा. सगळं बोलणं, सगळे आवाज, सगळ्या उड्या लक्ष्मीकांतच्या. तळवलकरांनी फक्त ऐकलंय. पण त्या चेहऱ्यावर आधी कंटाळा, मग कुतूहल, मग भीती अशी पायरी पायरीने उतरते, आणि हसू येतं ते त्या चेहऱ्यामुळे येतं. लक्ष्मीकांत मोठा नट होता यात वाद नाही. त्या प्रसंगात त्याला उंच उचलून धरलंय ते तळवलकरांच्या ऐकण्याने, हेही खरं.

अशोक सराफांबद्दल मी जास्त बोलणार नाही, तुम्हाला सगळं माहीत आहे. एवढंच लक्षात आणून देतो की १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये तेही बाजूचेच होते, आणि बरीच वर्षं स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून कामं करत होते. त्यांना महाराष्ट्रभूषण मिळाला, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्यासारख्या नोकरी करून तालमीला धावणाऱ्यांना घरातल्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

पण सगळ्यांचं असं होत नाही. आणि हे बोलताना मला त्रास होतो, तरी बोलायलाच हवं. कोल्हापूरचे गणपत पाटील. तमाशापटांमध्ये बायकी हावभावांचा नाच्या म्हटलं की तेच. ते काम त्यांनी इतकं चोख केलं, की लोकांनी त्यांना दुसरं काही होऊच दिलं नाही. पडद्यावरचा नाच्या घरी चार चौघांसारखा संसारी माणूस होता, बायकोमुलांचा धनी होता. पण गावाने, बाजाराने, चारचौघांनी त्यांना पडद्यावरूनच ओळखलं, आणि त्याचे टोमणे त्यांच्या मुलांनाही सोसावे लागले. २००८ मध्ये ते गेले. ज्या माणसाने आपल्याला पोटभर हसवलं, त्याच्या लेकरांना आपल्या हसण्याची झळ बसते, तेव्हा चूक नटाची नसते. थिएटरातून बाहेर पडतानाही आपण नट आणि सोंग यांतला फरक धरून ठेवायला हवा होता. आपल्या मागच्या पिढीने तो धरला नाही.

शिक्का गोडही असतो, हे कबूल. दूरदर्शनवर ‘चिमणराव’ लागायचं तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही असेल त्यांच्या ओसरीवर अख्खी आळी बसायची. त्यातले चिमणराव, दिलीप प्रभावळकर, यांनी पुढे इतक्या वेगवेगळ्या भूमिका केल्या, की त्यांना कुठल्याच खोक्यात बसवता आलं नाही. बाळ कर्वे मात्र लोकांसाठी गुंड्याभाऊच राहिले. ते प्रेम होतं, त्यात शंका नाही. पण नटाला आपलं नाव ऐकायची भूक असते, हेही मी जवळून पाहिलंय.

आता टीव्हीवर येतो, कारण त्यातलं थोडं मी स्वतः केलंय. गेल्या आठ-दहा वर्षांत सातारा जिल्ह्यात मालिकांचं चित्रीकरण वाढलं. वाई-मेणवलीला सिनेमावाले पूर्वीपासून यायचे. २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली आणि खेड्यातल्या घरांत, अंगणांत रोजचं शूटिंग होऊ लागलं. त्यामुळे एक चांगली गोष्ट झाली. आमच्याकडची माणसं आमच्या बोलीत पडद्यावर दिसू लागली. कऱ्हाडच्या कमल ठोके. जन्म शिक्षिकेच्या नोकरीत गेला आणि मग ‘जीजी’ म्हणून घराघरांत पोचल्या. ती आजी फटकळ बोलायची, लोक हसायचे, आणि पुढच्याच क्षणी तिला नातवाची काळजी वाटली की डोळे पुसायचे. २०२० मध्ये त्या गेल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका सुतकात असल्यासारख्या बसल्या होत्या. तसंच ‘देवमाणूस’मधल्या सरूआजींचं, म्हणजे रुक्मिणी सुतार यांचं. मूळ गोष्ट अंगावर काटा आणणारी, आणि त्यात ही म्हातारी म्हणी फेकत बसलेली. ती हसवायची म्हणून त्या मालिकेतली भीती सोसवायची.

मालिकेचं काम आणि नाटकाचं काम यात मला सगळ्यात जड गेलं ते हे, की तिथे हशाच नसतो. बारा तासांची शिफ्ट. चाळीस माणसं भोवती उभी, आणि सगळ्यांना श्वास रोखून उभं राहायला सांगितलेलं. साउंडवाला कानाला हेडफोन लावून बसलेला. कुणी खुदकन हसलं की शॉट वाया. म्हणजे अण्णांनी शिकवलेली बादली सोडायची, पण विहिरीतून आवाज येणारच नाही. शिवाय तुम्ही जपून घेतलेला थांबा एडिटिंगच्या टेबलावर राहील की कापला जाईल, हे तुमच्या हातात नाही. तिथे विनोदी नटाचं सगळं भांडवल एकच, रिअ‍ॅक्शन. समोरचा बोलतोय आणि कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर आलाय, त्या दोन-तीन सेकंदांत जे काय करायचं ते.

एका मालिकेत मी ग्रामपंचायतीचा शिपाई होतो. सरपंचाचं काम करणारे नट मुंबईचे, चाळीसेक वर्षं या धंद्यात घालवलेले. चेहरा तुम्ही ओळखाल. नाव घेत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. एका वाड्यात शूटिंग होतं. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, डिसेंबरची थंडी. आमच्या दोघांचा सीन, मास्टर शॉट म्हणजे आख्खा सीन एकदम घेतलेला शॉट झाला, त्यांचे क्लोज म्हणजे नुसत्या चेहऱ्याचे शॉट झाले, त्यांचं पॅकअप झालं. त्यांना सातारला हॉटेलवर सोडायला गाडी उभी होती. माझा क्लोज तेवढा राहिला होता. अशा वेळी समोरच्या नटाचे संवाद असिस्टंट डिरेक्टर कागदावरून वाचतो आणि आपण कॅमेऱ्याच्या शेजारी काठीला चिकटवलेल्या खुणेकडे बघून रिअ‍ॅक्शन द्यायची, अशी पद्धत आहे. पोरगा सकाळी सहापासून उभा होता, बिचारा रेशन दुकानातली यादी वाचावी तसा वाचत होता. माझं जमेना. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही नाही.

तेवढ्यात ते गाडीतून उतरून आत आले. फेटा काढलेला, सदऱ्यावर स्वेटर चढवलेला, कानाला मफलर. कुणाशी काही न बोलता कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी खेटून उभे राहिले. उभे राहिले आणि परत फिरले. स्पॉटदादाकडून त्यांनी एक रिकामा कप मागून घेतला. मला आधी कळेना, कप कशाला? मग लक्षात आलं. मास्टर शॉटमध्ये त्यांच्या हातात चहाचा कप होता, आणि बोलता बोलता माझी नजर एकदा त्या कपावर जात होती. मला चहा मिळेल का, अशी आशा त्या नजरेत होती, आणि सगळा विनोद तेवढाच होता. ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्यांनी कप धरला त्याच उंचीवर, त्याच हातात. आणि संवाद म्हटले ते कॅमेरा आपल्यावरच आहे अशा जिवाने, कपाळाला तीच आठी घालून. वाक्याच्या शेवटी त्यांनी कप जरासा माझ्याकडे झुकवला आणि परत घेतला. हे मास्टरमध्ये नव्हतं. ते मला त्यांनी तिथल्या तिथे दिलं. माझी मान आपोआप कपामागे गेली आणि परत आली. शॉट ओके झाला. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, ‘चला, निघतो’ म्हणाले आणि गेले.

तो एपिसोड लागल्यावर आमच्या भागात मला जो तो विचारायचा, ‘काय, मिळाला का चहा?’ अजूनही विचारतात. त्या शॉटमध्ये ते सरपंच कुठेच नाहीत. त्यांचा खांदाही फ्रेममध्ये नाही. त्या दहा मिनिटांचे त्यांना पैसे मिळालेले नाहीत, पॅकअप लिहून झालं होतं.

पैशाचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. मालिकेत छोट्या नटाला दिवसावर पैसे ठरतात आणि ते तीन-तीन महिन्यांनी हातात पडतात. तोवर ट्रॅक बंद झाला, तुमचं पात्र गावाला गेलं असं एका वाक्यात सांगून मोकळे झाले, तर फोन कुणाला करायचा हेही कळत नाही. एका ठिकाणी माझे अकरा दिवसांचे पैसे राहिले ते राहिलेच. मला पेन्शनचा आधार होता. माझ्याबरोबर एक तरुण होता, उत्तम हसवायचा, त्याला नव्हता. त्याने आता शेवयांचं मशीन घातलंय. धंदा बरा चाललाय, पण तालमीला बोलावलं तर येत नाही. त्याला नाटकाची हौस राहिली नाही असं कुणी म्हणू नका. त्याचा विश्वास गेलाय, आणि तो परत मिळवायची जबाबदारी काम देणाऱ्यांची आहे.

वेळ झाली, आयोजक घड्याळाकडे बघतायत. हँडबिलाचं राहिलंय, ते पुरं करतो.

अण्णा गेले त्या वर्षी मी हा कागद ट्रंकेतून काढला आणि ‘व इतर’च्या खाली पेनने नावं लिहायला घेतली. पहिलं अण्णांचं लिहिलं. मग छोटी कामं करणाऱ्या तिघांची. मग रंगपट सांभाळणारे, मग पेट्रोमॅक्सची सोय करणारे, त्या रात्री लाइट गेली होती. अशी सात झाली. कागद इथे टेबलावर ठेवतोय, जाताना वाचा. आठवी जागा रिकामी आहे. आमच्यात एक जण पडदा ओढायचा आणि मधल्या एका प्रवेशात तोच पटकन टोपी घालून माणसांत येऊन उभा राहायचा. एक शब्द नव्हता त्याला. पण अण्णा बोलत असताना तो ज्या तल्लीन चेहऱ्याने ऐकायचा, ते बघून समोरचे लोक हसायचे, हे मी विंगेतून रोज पाहिलंय. गणपती मंदिराच्या मागच्या बाजूला राहायचा, सायकलवर यायचा, हँडलला डबा अडकवलेला असायचा. एवढं सगळं आठवतं आणि नाव आठवत नाही. अनेकांना विचारून झालं. इथे त्या काळातली कुणी मंडळी असतील तर...

हो, मागच्या रांगेत त्या आजोबांनी हात वर केलाय. बसूनच बोला, आजोबा, उठू नका. अरे, तो माईक जरा मागे द्या त्यांना.